सुडी, सर्कस आणि सुपर कमांडो ध्रुव

सुपर कमांडो ध्रुवला उडता येत नाही. त्याच्या मनगटातून साप निघत नाहीत, अंगावर आपटून गोळी माघारी जात नाही, तोंडावर साधा मुखवटासुद्धा नाही. निळा-पिवळा पोशाख, कमरेच्या पट्ट्यावर चांदणी, बुडाखाली मोटरसायकल आणि बाकी सगळा कारभार डोक्याचा. हिंदी कॉमिक्स काढणाऱ्या राज कॉमिक्सने आदल्याच वर्षी, १९८६ मध्ये, नागराज आणला होता. त्याच्या श्वासातच विष. त्याच्या शेजारी १९८७ मध्ये उभा केलेला हा पोरगा तसा उघडाबोडकाच वाटायचा. तरी आमच्या गावातल्या पोट्ट्यांमध्ये दोन तट पडले तेव्हा ध्रुवाचा तट भारी निघाला. नागराज व्हायचं तर जन्मच तसा पाहिजे. ध्रुव मात्र कसरत केली, अभ्यास केला, कुत्र्या-मांजरांशी नीट वागलं की होता येईल, असा आमचा हिशेब होता.

त्याचं पहिलं कॉमिक ‘प्रतिशोध की ज्वाला’. गोष्ट आणि चित्रं दोन्ही अनुपम सिन्हांची. ते परवा पुन्हा वाचलं. प्रत मिळाली गावातल्या दोस्ताकडे. आता त्याचं कृषी केंद्र आहे. दुकानाच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्याने जुन्या बिलबुकांखाली ही कॉमिक्स दाबून ठेवलेली. सगळी भाड्याची, परत न केलेली.

भाड्याची म्हणजे बुकवाल्या काकांची. एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर त्यांची टपरी होती. सुतळीवर कपड्यांसारखी कॉमिक्स टांगलेली, रात्रभराचं भाडं चार आणे. काका धंद्यात पक्के. नवं कॉमिक आलं की आधी त्याला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावायचे आणि मग दाभणाने, सुतळीने असं शिवून टाकायचे की दहा गावची पोट्टी हाताळोत, पान सुटणार नाही. पण शिलाई पडायची चांगली बोटभर आत. पानाच्या मधल्या बाजूला जे बोलण्याचे फुगे असत ते अर्धे शिलाईत गडप. ध्रुव अर्धं बोलायचा, उरलेलं आम्ही जुळवायचो. मित्राच्या प्रतीतही ते तसंच आहे. सुतळी काळी पडली, कडा तांबूस झाल्या, कसरीने कोपरे खाल्ले, पण शिलाई हलली नाही. त्यातल्या खलनायकाला, जुबिस्कोला, कुणीतरी बॉलपेनने मिशा काढल्या आहेत. मित्र म्हणतो मी काढल्या, मी म्हणतो त्याने.

हिंदी वाचतो आहोत असं तेव्हा कुणाच्या मनातही येत नसे. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशातच होता आणि राजधानी नागपूर. ती हिंदी आमच्या बाजारात, सिनेमात, गाडीवानाच्या शिव्यांत मुरलेली. वेताळ मराठीतही मिळायचा इंद्रजाल कॉमिक्समध्ये, पण तो जंगलातल्या कवटीच्या गुहेत राहणारा गोरा साहेब. ध्रुव राजनगरचा. राजनगर नकाशात नाही हे आम्हाला ठाऊक होतं, तरी ते नागपूरच्या पुढे कुठेतरी असावं असा अंदाज होता.

गोष्ट थोडक्यात अशी. ज्युपिटर सर्कस जोरात चाललेली. तिथे श्याम आणि राधा हे झुल्यावरचे कलाकार नवरा-बायको. त्यांचा मुलगा ध्रुव सर्कशीतच वाढतो. एकेका कलाकाराकडून एकेक विद्या उचलतो, पिंजऱ्यातल्या जनावरांत खेळून त्यांची बोली शिकतो. चौदा वर्षांचा होईतो सगळ्या खेळांत तरबेज. इकडे ज्युपिटरमुळे ग्लोब सर्कसचा गल्ला बसलेला. ग्लोबचा पहिलवान जुबिस्को ज्युपिटरला आग लावतो. आई, बाप, सर्कस, सगळं त्या आगीत जातं. ध्रुव सूड घेतो. पुढे राजन मेहरा नावाचे पोलीस अधिकारी त्याला आपल्या घरी मुलगा म्हणून नेतात, त्यांची मुलगी श्वेता त्याची बहीण होते आणि सुपर कमांडो ध्रुवचा जन्म होतो.

सर्कशीतली झुल्यावरची माणसं मरतात आणि मागे राहिलेलं पोर पुढे गुन्हेगारांच्या मागे लागतं, हा सांगाडा अमेरिकेतल्या रॉबिनचा, बॅटमनच्या जोडीदाराचा आहे. १९४० सालचा. हे लपवण्यात अर्थ नाही, आणि ध्रुवाचे भक्त ते ऐकून चिडतात ते उगाच. कारण खरी गंमत फरकात आहे. रॉबिनच्या सर्कस मालकाने गुंडांना हप्ता नाकारलेला असतो, म्हणून झुल्याशी घातपात होतो आणि दोघं जातात. ध्रुवाकडे हप्ता नाही, गुंडांची टोळी नाही. आहे ती फक्त शेजाऱ्याची भरलेली खुर्ची आणि आपली रिकामी खुर्ची. आणि रॉबिनला दत्तक घेतो तो कोट्यधीश. ध्रुवाला मिळतो पगारावरचा सरकारी माणूस. पुढे रॉबिन बरीच वर्षं दुसऱ्याच्या मागे धावत राहिला, आमचा पोरगा पहिल्याच पुस्तकात मालक झाला. असो.

लहानपणी मी सर्कशीची पानं भराभर उलटायचो, मारामारी गाठायची असायची. या खेपेला तिथेच रेंगाळलो. सर्कस आमच्याकडे यायची ती यवतमाळला, कापसाच्या पैशावर नजर ठेवून. सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस होते. संकलन केंद्राबाहेर बैलबंड्यांची रांग लागायची, कापूस मोजून दिला की चुकाऱ्याची, म्हणजे पैशांची, वाट पाहायची. चुकारा हाती आला की आधी उधारी, मग आईसाठी लुगडं, मग उरलंसुरलं तर सर्कस. एकदा आम्ही शकुंतलेने गेलो होतो. मुर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज. तेव्हा तिला वाफेचं इंजिन होतं, १९९४ मध्ये डिझेल येईपर्यंत ते टिकलं. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायचं, एवढा तिचा वेग. यवतमाळला पोचेस्तोवर अंगावर कोळशाची कीस आणि पोटात भुकेचा डोंब.

त्या खेळातलं मला आठवतं ते वेगळंच. खेळ संपल्यावर वडील चहाला थांबले आणि मी तंबूच्या मागे गेलो. तंबूच्या ताणलेल्या दोरांवर चमकीचे पोशाख वाळत घातले होते. झुल्यावर उलटी लटकलेली बाई आता साध्या साडीत भाजीवालीशी वांग्यांचा भाव करत होती, आणि तिचं पोर हत्तीच्या साखळीशी खेळत बसलं होतं. हत्ती सोंडेने त्याला बाजूला सारत होता, पोर पुन्हा तिथेच. ध्रुवाला जनावरांची भाषा येते यावर आमच्या वर्गातल्या हुशार मुलांनी शंका घेतल्या होत्या. मी कधी घेतली नाही.

हिंदुस्थानातली सर्कस ही आपल्याच एका मराठी माणसाने उभी केली, हे आता फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. विष्णुपंत छत्रे. कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पदरी घोड्यांचं काम पाहणारा माणूस. मुंबईत आलेली चिआरिनीची विलायती सर्कस पाहिली आणि १८८० मध्ये स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस काढली. पुढे केरळात थलश्शेरीला कीलेरी कुंजीकण्णन यांनी छत्र्यांच्या सांगण्यावरून कसरतपटू तयार करायला घेतले आणि देशभरच्या तंबूंना तिथून माणसं मिळू लागली. ज्युपिटरच्या तंबूत श्याम आणि राधा झुल्यावर चढतात तेव्हा मागे ही शंभर वर्षांची ओळ उभी आहे.

आणि आगही कागदावरची नाही. ७ फेब्रुवारी १९८१ ला बंगळुरात व्हीनस सर्कसचा तंबू पेटला आणि नव्वदहून अधिक माणसं गेली, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. सहा वर्षांनी कॉमिकमध्ये दुसऱ्या एका ग्रहाच्या नावाची सर्कस जळते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ती पिवळी-तांबडी पानं मला पूर्वीसारखी झरझर उलटता येत नाहीत.

आज ध्रुव जन्मला असता तर त्याला ध्रुव होताच आलं नसतं, हेही खरं. १९९८ मध्ये केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं खेळवायला मनाई केली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०११ मध्ये न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणली. दोन्ही निर्णय योग्यच. पोरांना झुल्यावर कसं चढवतात याच्या कहाण्या ऐकल्या की कुणाचीही छाती दडपेल. पण कॉमिक हे सगळं घर म्हणून दाखवतं, आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिलं तर ते घरच आहे. त्याला शाळेचा पट नाही, गाव नाही, जात कुणी विचारत नाही. तंबू उचलला की सगळं उचललं.

मला मात्र या खेपेला अडवलं ते आगीच्या कारणाने.

आमच्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या, खळ्यात तुरीची सुडी, कापलेल्या पिकाचा ढीग, रचली होती. जानेवारीचा शेवट असावा. रात्री कुत्री भुंकायला लागली आणि कुणीतरी ओरडत आलं. आम्ही पोहोचलो तेव्हा कडब्याची गंजीही धरली होती. विहिरीपासून खळ्यापर्यंत माणसांची रांग लागली, पाण्याचे गुंड, बादल्या, टोपली, जे हाती येईल ते. वडिलांनी बैलांची दावी विळ्याने कापली. सुडी जळताना तडतड आवाज येतो, ओल्या फटाक्यांच्या लडीसारखा. ते शेंगा फुटणं. पहाटे सगळं बसलं तेव्हा राखेत भाजलेले तुरीचे दाणे होते, बाहेरून काळे, आतून पिवळे, गरम. आम्ही पोट्टे ते वेचून खायला लागलो. चव छान होती. मोठ्या आईने पाहिलं आणि काही बोलली नाही, माझ्या आईने मात्र मला जवळ ओढून एक ठेवून दिली.

गंजीला आग कशी लागते हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. बिडीची ठिणगी, तारांचं घर्षण, आणि तिसरं कारण, ज्याचं नाव चारचौघांत घेत नाहीत. आता तुरीऐवजी सोयाबीन आलं, पण दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडच्या पेपरांत आतल्या पानावर बातमी असतेच : अज्ञात इसमाने सुडी पेटवली, इतक्या क्विंटलचं नुकसान. जुन्या दंड संहितेत यासाठी कलम ४३५ होतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्यात एक बारीक गोष्ट होती. इतर मालमत्तेचं निदान शंभर रुपयांचं नुकसान व्हायला हवं, शेतमालाचं दहा रुपयांचं पुरे. कायदा लिहिणाऱ्याला कुठेतरी कळलं होतं की सुडी म्हणजे नुसता माल नसतो.

आमच्या सुडीला काडी कुणी लावली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या वर्षी त्या शेजाऱ्याच्या तुरीला मर लागून उभं पीक वाळलं होतं, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे आमची तूर मात्र शेंगांनी लदलेली. एवढंच कारण. ग्लोबचे प्रेक्षक ज्युपिटरकडे गेले, तेवढंच. तो माणूस त्या रात्री बादली घेऊन विझवायलाही आला होता, रांगेत वडिलांच्या पुढे उभा होता. कॉमिकमधला जुबिस्को आडदांड, त्याला पाहूनच कळतं की हा तो. आमच्या जुबिस्कोचं नाक आमच्याच घराण्याचं होतं.

मोठे बाबा ठाण्यात गेले. मला सोबत नेलं होतं, का ते आठवत नाही, बहुतेक आईला घरात माझी कटकट नको होती. दिवसभर बाकड्यावर बसलो. शेवटी हवालदाराने कागद पुढे ओढला आणि विचारलं, ‘संशय कोनावर?’

मोठे बाबा म्हणाले, ‘कोनावरच नाही साहेब.’

त्याने पुन्हा विचारलं. चांगला माणूस होता, पेन थांबवून म्हणाला, सांगा न बाबाजी, मी पाहतो. मोठे बाबा छताकडे पाहत राहिले. मग त्याने अज्ञात इसम असं लिहिलं, खाली यांनी अंगठ्याऐवजी सही केली, सहीचा त्यांना अभिमान होता, आणि आम्ही एसटीने परत आलो. माझ्या डोक्यात तेव्हा ‘प्रतिशोध की ज्वाला’ ताजं होतं. मी वाटेत विचारलं की नाव का नाही सांगितलं. ते म्हणाले, ‘आपली बंडी त्याच्या वावरातून जाते.’

तेव्हा मला तो भित्रेपणा वाटला. पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिला. पांदण, म्हणजे वावराकडची वाट, अडली की काय होतं ते स्वतः वावर पाहायला लागल्यावर कळलं. खत डोक्यावर न्यायचं, कापूस डोक्यावर आणायचा, पेरणीच्या दिवसांत बैल धुऱ्यावर उभे ठेवून हातापाया पडायचं, तहसीलमध्ये रस्त्याची केस टाकायची आणि निकाल लागेस्तोवर पाच हंगाम घालवायचे. मोठ्या बाबांनी त्या बाकड्यावर बसून हे सगळं मोजलं होतं. पुढे त्याच माणसाच्या पोरीच्या लग्नात ते पंगतीत वाढायलाही होते. मी पाहिलं आहे, बुंदी वाढत होते, आणि त्याच्या पानात जरा जास्त.

म्हणून ‘प्रतिशोध की ज्वाला’ आता वाचताना मला ध्रुव जनावरांशी बोलतो यात काही नवल वाटत नाही. चौदाव्या वर्षी तो एका पहिलवानाला भिडतो, तेही चालतं. मी अडतो तो एवढ्यावर की त्याला नाव घेता येतं. जुबिस्को, असं तो म्हणू शकतो. त्याची बंडी कुणाच्या वावरातून जात नाही. आई-बाप गेले, तंबू गेला, उद्या सकाळी त्याला त्याच विहिरीवर पाणी भरायचं नाही. पुराणातल्या ध्रुवाला सावत्र आईने बापाच्या मांडीवरून ढकललं आणि तो रानात गेला. त्यालाही परत त्याच वाड्यात रोज जेवायला बसावं लागलं असतं, तर तपाचं काय झालं असतं कोण जाणे.

अनुपम सिन्हांनी पुढे ध्रुवाला अधिक चांगल्या गोष्टी दिल्या, अधिक गुंतागुंतीच्या, विज्ञानाच्या युक्त्यांच्या. कमांडो फोर्स आली, पीटर, रेणू, करीम हे सोबती आले, श्वेताची चंडिका झाली. या पहिल्या पुस्तकात घाई आहे. जन्म, शिक्षण, आग, सूड, दत्तक, पोशाख, सगळं एका दमात. एखाद्या पानावर ध्रुवाने नुसतं राखेजवळ बसावं असं मला या वेळी फार वाटलं, पण कॉमिकला तेवढी फुरसत नसते आणि चार आणे देणाऱ्या पोराला तर नसतेच. तरी एक गोष्ट त्यांनी पक्की पकडली, की पोराचं घर जळायला राक्षस लागत नाही, शेजारच्याचा रिकामा गल्ला पुरतो. पुढे परग्रहावरचे आले, रोबो आले, महामानव आले, पण इतका ओळखीचा खलनायक ध्रुवाला पुन्हा भेटला असं मला वाटत नाही.

हे सगळं मी मित्राला त्याच्या दुकानात बसून ऐकवलं. तो एका शेतकऱ्याला फवारणीच्या औषधाचं बिल करून देत होता, ऐकतोय की नाही कळत नव्हतं. शेतकरी गेला. मित्राने पेन कानावर खोचलं, कॉमिक उचलून त्या दत्तकाच्या पानाशी आणलं आणि मेहरासाहेबांच्या चित्रावर बोट ठेवलं.

‘ध्रुवले पाच एकर वावर असतं न, तं ह्या साहेबाचा नंबरच लागला नसता. पयले काका आले असते, मंग मामा. पोट्टं आमचंच होय म्हनून भांडले असते. सातबाऱ्यावर अज्ञान पालनकर्ता म्हनून काकाचं नाव चढलं असतं, आन् तुहा सुपर कमांडो वखराच्या मागं ढेकलं फोडत राह्यला असता.’